शिवण उसवताना

बनवारीसेठने नमुन्याला शर्ट दिला.
म्हणाला, अस्सा पाहिजे, हुबेहूब. शिलाई सोळा रुपये.
कॉलरच्या आत लेबल: बांगलादेश.
इंदूरच्याच मॉलमधून आणलेला,
पावती खिशात राहून गेलेली.

दुपारी भांडी झाल्यावर ब्लेड घेऊन बसले.
उसवल्याशिवाय कापड कळत नाही, सासरे म्हणायचे;
बत्तीस वर्षं मिलमध्ये साच्यावर होते.
बाही सुटी केली, मग कॉलर, मग खांदा.
पट्टी लावून टाके मोजले. इंचाला बारा.
माझेही बारा.
सुई बहुतेक त्याच नंबरची,
आणि कापसाचं काय सांगावं,
आपल्या निमाडातलाही असेल,
सूत होऊन सीमेपार गेलेला,
बाह्या लावून परत आलेला.

मग फरक कुठे शिवलाय?

सेठ म्हणतो, तिकडे मजुरी स्वस्त.
मी माझ्या सोळा रुपयांकडे बघते.
निनाद पीएससीचा अभ्यास करतो.
बंदर, कोटा, आयात शुल्क,
एका दमात सात कारणं सांगतो,
सातव्याला त्याला भूक लागते.

त्याच्याच फोनवर पाहिलं होतं एकदा:
सकाळी सातला रस्ता भरून बायका,
ओढण्या, डबे, झपझप चपला.
एवढ्या बायका एका वेळी मी
अनंत चतुर्दशीच्या झांक्यांना पाहिल्यात फक्त,
आणि त्या कामाला निघालेल्या नव्हत्या.

आम्ही नाही असं नाही.
परदेशीपुऱ्यात घरटी एक मशीन,
पण खिडकीशी, पडद्याआड,
कुकरच्या शिट्टीला पाय थांबवणारं.
जनगणनेचा माणूस आला, दारातून विचारलं, सून काय करते?
सासरे म्हणाले, काही नाही, घरीच असते.
मी मशीन थांबवून त्याला पाणी दिलं.

तिकडे कुणी तेवढं लिहून घेतलं असेल.
एवढाच फरक? नसेलही.
तिकडे एक अख्खी इमारत पडली होती,
आत बायका होत्या, निनादने तेही दाखवलं.
मी ते शेवटपर्यंत पाहिलं नाही.
तेव्हा स्वर्गबिर्ग म्हणत नाही मी,
भोंगा म्हणते.
इथला बंद झाला तेव्हा सासरे
कितीतरी दिवस पहाटे उठून डबा मागत राहिले.
तिकडे तो कुणाच्या तरी सुनेसाठी वाजायला लागला.
आमच्याकडे सुनेसाठी वाजला नाही,
सुनेला मशीन आणून दिलं.

डाव्या बगलेत, आतल्या बाजूला,
निळ्या शर्टात बोटभर लाल दोरा निघाला.
घाईत बॉबिन संपली असेल,
शेजारणीची उचलली असेल.

शेजारीण होती, म्हणजे.
हात लांबवला की पोचेल इतकी जवळ.

माझी बॉबिन संपली की मी उठते,
कपाट उघडते, भरते, परत बसते.

शनिवारी सेठ आला.
माझा शर्ट उलटा करून, ताणून पाहिला, खूश झाला.
बगलेतला लाल दोरा त्याला दिसला नाही.
हुबेहूब म्हणाला होता, मी घातला होता.
मी म्हटलं, मालवा मिलच्या मागे एक हॉल रिकामा आहे,
संडास आहे, पंखे आहेत, आठ मशीनं मावतील.
तो हसला. बायका येणार आहेत का घर सोडून?
विचारून सांगते, म्हटलं.

आधी कुंदाकडे गेले.
तीन घरं सोडून राहते.
आत तिचं मशीन चालू होतं, मी कडी वाजवली, थांबलं.
पदराला दोऱ्याची तुसं चिकटलेली, तशीच दारात आली,
म्हणाली, काय गं, कुणाला काही झालं का?

अकरा वर्षांत मला
तिच्या मशीनचा रंगही माहीत नव्हता.